पथ्याचा कागद जपून ठेवा

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त आयोजित केलेल्या कुटुंब एकत्रीकरणात ग्राहक चळवळीतील एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. आहारतज्ज्ञांच्या सेवेतील दोष आणि त्याविरुद्ध करावयाची तक्रार हा त्यांच्या विवेचनाचा विषय होता.)



२४ डिसेंबर हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून साजरा करतो. १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या कायद्याच्या बारा वर्षे आधी, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीच्या कार्याचा आरंभ केला होता. हा सगळा इतिहास आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत आहे, त्यामुळे त्यावर मी वेळ घेत नाही. वजनात मारणारा वाणी, भेसळीचे तेल, मुदत संपलेली औषधे यांच्याविषयीही आपण दरवर्षी बोलतो. आज मात्र मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्या विषयावर मी स्वतः गेली काही वर्षे तोंड मिटून बसलो होतो. तो विषय आहे, आपल्या घरात अलीकडे मोठ्या सन्मानाने आलेली एक व्यक्ती, म्हणजे आहारतज्ज्ञ.

पूर्वी घरात कुणी आजारी पडले की पथ्य आजी सांगत असे, किंवा गावचा वैद्य सांगत असे. आज आजी दूरच्या गावी आहे, वैद्यबुवा राहिले नाहीत, आणि मधुमेह, रक्तदाब, स्थूलता यांनी मध्यमवर्गीय घरांत मुक्काम ठोकला आहे. अशा वेळी ज्यांनी आहारशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले आहे, त्यांची समाजाला नितांत आवश्यकता आहे. हे आरंभीच स्पष्ट करतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते त्या विद्येविरुद्ध आहे, असा कुणाचा समज होऊ नये.

आमच्या घरातली गोष्ट

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. वयाची पासष्टी उलटल्यावर मूत्रपिंडांचे कार्य मंदावू लागले. क्रिएटिनिन २.९ पर्यंत गेले होते. डॉक्टरांनी सांगितले, 'आता आहार सांभाळा.' वहिनींनी चौकशी केली आणि परिचयातल्याच एका आहारतज्ज्ञ बाईंकडे त्यांना नेले. बाईंकडे पदव्युत्तर पदवी होती, भिंतीवर प्रमाणपत्रे होती, बोलणे आर्जवी होते. तीन महिन्यांच्या कार्यक्रमाचे अठरा हजार रुपये घेतले गेले. पावती मिळाली नाही, आणि आम्ही मागितली नाही. 'आपल्याच माणसाकडे पावती काय मागायची?' हे वाक्य वहिनींचे नव्हे, माझे आहे. ग्राहकांना पावती मागायला शिकवणाऱ्या माणसाचे.

अण्णांच्या हाती एक छापील कागद आला. सकाळी शहाळ्याचे पाणी. अकरा वाजता मोसंबीचा रस. दुपारी जेवणात टोमॅटोचे सार. सायंकाळी एक केळे. दिवसातून दोन वेळा प्रथिनांची पूड, जी बाईंकडूनच विकत घ्यावयाची. आणि रक्तदाब आहे म्हणून साध्या मिठाऐवजी 'कमी सोडियमचे मीठ'. निरोगी माणसासमोर हा कागद ठेवला तर त्यात काही खटकणार नाही. शहाळे तर आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना नेण्याची रीत आहे.

परंतु मूत्रपिंड दुबळे झालेल्या माणसाची गोष्ट निराळी असते. शरीरातले जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंड करते. ते काम मंदावले की पोटॅशियम रक्तात साठू लागते. एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण अर्धा ग्रॅम पोटॅशियम सहज असते. टोमॅटो, केळे, मोसंबी यांतही ते भरपूर असते. आणि ज्याला आपण कमी सोडियमचे मीठ म्हणतो, त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केली, तीत मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ती लागू नाही असे म्हटले आहे. त्यात भर म्हणजे अण्णा रक्तदाबासाठी जी गोळी घेत होते, त्या जातीच्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. हे सगळे त्यांच्या फाइलमध्ये होते. फाइल त्या बाईंच्या टेबलावर होती. ती उघडली गेली नाही, इतकेच.

चौथ्या आठवड्यात अण्णांच्या पायांतली शक्ती गेली. उठून उभे राहता येईना. नाडी मंद झाली. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातले पोटॅशियम ७.१ होते, साधारणपणे ते साडेतीन ते पाच या दरम्यान असावे लागते. इतक्या पोटॅशियमने हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकते, असे तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितले. रात्री अकरा वाजता तातडीने डायलिसिस करावे लागले. अण्णा वाचले.

त्याच रुग्णालयात एक तरुण आहारतज्ज्ञ होती. तिचे नाव घेत नाही, परंतु तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. तिने वहिनींना समोर बसवून तासभर समजावले. भाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून द्यायचे. म्हणजे पोटॅशियम काही अंशी निघून जाते. तिने विचारले, "काका चतुर्थीचा उपवास करतात का?" वहिनी हो म्हणाल्या. "मग उपवासाला काय करता?" बटाटा, रताळे, खजूर, शेंगदाण्याचे कूट! नेमके जे टाळायला हवे ते सगळे उपवासाच्या ताटात. तिने उपवास सोडायला सांगितले नाही. त्या दिवसासाठी वऱ्याच्या तांदळाचे प्रमाण ठरवून दिले आणि शेंगदाण्याचे कूट वर्ज्य केले. विद्या तीच, पदवीही बहुधा तीच. एकीने रुग्णाच्या घरातले ताट पाहिले, दुसरीने फाइलही पाहिली नाही.

'आपल्यातलीच आहे, जाऊ दे'

अण्णा घरी आल्यावर आम्ही सगळे एकत्र बसलो. पुतण्या संतापला होता. तक्रार करायचीच, असे तो म्हणत होता. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी, आणि त्यात मी अग्रभागी होतो, त्याला शांत केले. त्या बाईंचे वडील आमच्या शाखेतले जुने स्वयंसेवक. आणीबाणीत तुरुंगात गेलेले. त्यांच्या मुलीविरुद्ध आपण तक्रार करायची? माणूस वाचला, देवाची कृपा. जाऊ दे. शीतकपाटाच्या दारावर लावलेला तो पथ्याचा कागद वहिनींनी काढला आणि फाडून केराच्या टोपलीत टाकला. डोळ्यांसमोर नको, म्हणाल्या. मी पाहत होतो. दर शनिवारी ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसून मी लोकांना सांगत असतो की कागद फाडू नका. आणि माझ्याच घरात कागद फाडला जात असताना मी गप्प राहिलो.

बंधूंनो, आपण संघटनेतली माणसे आहोत. परस्परांविषयीचा आपलेपणा हा आपला प्राण आहे. परंतु आपलेपणाचा अर्थ आपल्या माणसाचा दोष झाकणे असा होऊ लागला, की त्याची किंमत दुसरेच कुणीतरी मोजत असते. ती किंमत कुणी मोजली, ते सांगतो.

आठ महिन्यांनी एका शनिवारी केंद्रात एक तरुण आला. खाजगी कंपनीत नोकरी करणारा, सरळ स्वभावाचा. त्याची आई मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होती. एका आहारतज्ज्ञाकडे नेल्यानंतर पाचव्या आठवड्यात तिची प्रकृती एकाएकी बिघडली, अतिदक्षता विभागात नऊ दिवस गेले, आणि आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावे लागते. त्याने पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. सकाळी शहाळ्याचे पाणी. अकरा वाजता मोसंबीचा रस. टोमॅटोचे सार, केळे, दोन वेळा पूड, कमी सोडियमचे मीठ. तोच कागद. वर हाताने लिहिलेले रुग्णाचे नाव तेवढे निराळे.

त्या माउलीचा विकार आधीच बळावलेला होता. या आहाराने नेमके किती नुकसान केले हे वैद्यकीय तज्ज्ञच ठरवतील. माझा तो अधिकार नाही. पण अण्णांच्या वेळी तक्रार झाली असती तर त्या टेबलावरचा छापील गठ्ठा तरी नाहीसा झाला असता, हा विचार मला आजही झोपू देत नाही. मी त्या तरुणाला ते सगळे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने एवढेच विचारले, "काका, तो कागद आहे का तुमच्याकडे?"

दोष कशाला म्हणावे?

आता तक्रारीकडे वळू. आहारतज्ज्ञाकडे गेलो आणि वजन उतरले नाही, म्हणजे सेवेत दोष झाला, असे नव्हे. साखर अपेक्षेइतकी कमी झाली नाही, हाही दोष नव्हे. पथ्य पाळायचे आपल्या हातात असते, आणि आपण ते किती पाळतो हे आपल्या घरच्या डब्यांना ठाऊक असते! सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात डॉक्टरांच्या संदर्भात स्पष्ट केले आहे की निर्णयातली चूक किंवा अपेक्षित परिणाम न होणे म्हणजे आपोआप निष्काळजीपणा होत नाही. त्या व्यवसायातल्या साधारण कुशल माणसाने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली का, हे पाहायचे असते. हाच मापदंड आहारतज्ज्ञाला लावणे न्याय्य आहे. केवळ मनासारखे झाले नाही म्हणून कुणाच्या उपजीविकेवर घाव घालणारी तक्रार आमच्या केंद्रात आली, तर आम्ही ती परत पाठवतो.

पण मूत्रपिंडाच्या रुग्णाचा रक्त-अहवाल न पाहता आहार ठरवणे, चालू औषधांची चौकशी न करणे, एकच छापील तक्ता सर्वांना देणे आणि 'तुमच्यासाठी खास' म्हणून पैसे घेणे, ही मतभिन्नता नव्हे. तसेच आपल्या क्षेत्राबाहेर जाणेही. एखाद्या आहारतज्ज्ञाने 'माझ्या आहाराने साखर उतरेल, इन्सुलिन बंद करा' असे सांगितले, तर ते औषधोपचारात हात घालणे झाले. १९९६ च्या पूनम वर्मा खटल्याची आठवण येथे करणे उचित ठरेल. मुंबईतल्या एका होमिओपॅथीच्या डॉक्टरने रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली, रुग्ण दगावला. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्या शास्त्राने उपचार करणे हाच स्वतंत्रपणे निष्काळजीपणा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि मृताच्या पत्नीला तीन लाख रुपयांची भरपाई देवविली.

हा विचार परदेशातून आलेला आहे, असे कुणाला वाटत असेल तर त्यांनी आपलेच ग्रंथ उघडावेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कंटकशोधन या अधिकरणात, वैद्याच्या उपचारातील दोषाने रुग्ण दगावल्यास मध्यम प्रतीचा दंड सांगितला आहे. आणि जिवावर बेतणारा आजार असल्याची वर्दी न देता उपचार सुरू केले व रुग्ण दगावला, तरीही दंड सांगितला आहे. चरकाचार्य तर त्याहून पुढे जातात. सूत्रस्थानातल्या तिस्रैषणीय अध्यायात त्यांनी वैद्यांचे तीन प्रकार केले आहेत. पहिला छद्मचर, औषधांच्या बरण्या, ग्रंथ आणि वैद्याचा आव एवढ्या बळावर वैद्य म्हणवून घेणारा. दुसरा सिद्धसाधित, नामवंतांचे नाव पुढे करून स्वतःचे नाव मोठे करणारा. तिसरा तो खरा. चित्रपट-तारकेबरोबरचे छायाचित्र लावून वजन घटवण्याचे कार्यक्रम विकणाऱ्यांची जाहिरात पाहिली, की मला तो सिद्धसाधित शब्द आठवतो. आणि येथे आपल्यालाही थोडे कठोर व्हावे लागेल. 'आयुर्वेदिक', 'सात्त्विक', 'स्वदेशी' असे शब्द डब्यावर छापले म्हणून आत काय आहे ते पाहायचे सोडून देऊ नये. परक्या कंपनीच्या पुडीला आपण दहा प्रश्न विचारतो, आपल्या माणसाच्या पुडीला एकही विचारत नाही. मुळात असे करणे आयुर्वेदाचाच अपमान आहे.

तक्रार कोठे करावी?

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद आपल्याकडे कित्येक दशकांपासून आहे. आहारतज्ज्ञांसाठी मात्र २०२१ पर्यंत देशव्यापी कायदाच नव्हता. भारतीय आहारतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन डायेटेटिक असोसिएशनची, परीक्षा आणि नोंदणी आहे, नावापुढे 'आर. डी.' असे लिहिलेले आढळते ते त्या नोंदणीचे. ती योग्यतेची चांगली खूण आहे, पण तो शासनाचा परवाना नव्हे. २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत पोषणविज्ञानाच्या व्यावसायिकांचा समावेश आहे. रुग्णालयीन आहारतज्ज्ञ त्यात आले, क्रीडा-पोषणतज्ज्ञही आले. राज्य परिषदेने नोंदपुस्तक ठेवावे, गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्यातून नाव काढावे, आणि नोंदणी नसताना नोंदणीकृत असल्याचे खोटे सांगणाऱ्याला शिक्षा व्हावी, अशी या कायद्याची रचना आहे. राज्यांनी परिषदा स्थापन करण्यात इतकी दिरंगाई केली की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी निर्देश द्यावे लागले. तेव्हा तक्रार करण्यापूर्वी संबंधित व्यक्तीची नोंदणी कोठे आहे, हे लेखी विचारावे. विचारण्याचा तुमचा अधिकार आहे. प्रामाणिक आहारतज्ज्ञाला त्या प्रश्नाचा राग येत नाही, उलट तो क्रमांक स्वतः दाखवतो.

परिषद व्यवसायाविषयी निर्णय करील. तुमचे पैसे आणि नुकसानभरपाई यांचा निर्णय ग्राहक आयोग करतो. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे १९९५ च्या शांता खटल्यातच ठरले आहे. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पुण्याच्या आहारतज्ज्ञाने दूरध्वनीवरून सल्ला दिला तरी नाशिकच्या ग्राहकाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील हवाच असे नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी. उशिराचे सबळ कारण दाखवता आले तरच सवलत मिळू शकते. 'बघू, सणवार होऊ द्या' असे म्हणत लोक ही दोन वर्षे घालवतात. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञाविषयी तक्रार असेल तर रुग्णालयालाही पक्षकार करावे लागते, कारण सेवा त्यांनी विकली आणि देयकही त्यांचेच. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: फुकट सल्ल्यावर या कायद्याखाली दाद मागता येत नाही. भ्रमणध्वनीवरची चित्रफीत पाहून कुणी महिनाभर लिंबूपाण्यावर राहिला, तर तो त्या चित्रफितीचा ग्राहक ठरत नाही.

त्या चित्रफितीतला दावा मात्र जाहिरात म्हणून तपासता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार करता येते, आणि पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आरोग्याविषयी बोलणाऱ्या तज्ज्ञांनी आपली पात्रता उघड सांगावी, असा निर्देश केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे. मधुमेह किंवा स्थूलता बरी करतो, अशी औषधाची जाहिरात करण्यास तर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मनाई आहे. पुडी, भुकटी, 'फॅट कटर' यांविषयी अन्न व औषध प्रशासनाकडे जावे. डबा रिकामा झाला तरी फेकू नये, त्यावरचा परवाना क्रमांक आणि तुकडी क्रमांक हवा असतो. आणि कोठे जायचे तेच कळत नसेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

कागदांविषयी दोन शब्द

शेवटी सगळे कागदांवर येऊन थांबते. आहाराचा तक्ता तारखेसह मागून घ्यावा, त्यावर देणाऱ्याची सही असावी. आहार सुरू करण्यापूर्वीचा आणि नंतरचा रक्त-अहवाल जवळजवळ ठेवावा. पुष्कळदा या दोन कागदांमधल्या अंतरातच सगळी हकीकत असते. तुम्ही आपले विकार आणि औषधे सांगितली होती, याचा पुरावा हवा, म्हणून ती लिहून द्यावी आणि प्रत स्वतःकडे ठेवावी. संदेश भ्रमणध्वनीवर आले असतील तर ते पुसू नयेत. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याच्या छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याचा नमुना आमच्या केंद्रात मिळतो. रुग्णालयात दाखल असताना दिलेल्या आहाराची नोंद रुग्णपत्रिकेत असते. ती मागितल्यापासून ७२ तासांच्या आत दिली पाहिजे, असा डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत दंडक आहे.

तक्रार लिहिताना विशेषणे वगळा. 'या राक्षसिणीने माझ्या आईचा जीव धोक्यात घातला' असे वाक्य एका अर्जात होते. त्या जागी मी लिहायला सांगितले, 'अमुक तारखेच्या अहवालात क्रिएटिनिन इतके होते. तो अहवाल दाखवला असता तो पाहिला गेला नाही.' आयोगाला दुसरे वाक्य उपयोगी पडते. आधी नोटीस पाठवावी, पंधरा दिवसांची मुदत द्यावी, उत्तर आले तर नीट वाचावे. कित्येकदा समोरचा माणूस खरोखरच चूक मान्य करतो. आणि संतापाच्या भरात बदनामी करणारा मजकूर गावभर पाठवू नये. त्याने तक्रार दुबळी होते, आणि प्रसंगी आपणच आरोपी होतो.

त्या तरुणाची तक्रार जिल्हा आयोगापुढे दाखल झाली आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे मी अधिक तपशील सांगणार नाही, आणि कुणाची ओळख पटेल असे काही बोलणार नाही. आपापसांत मिटवण्याविषयी कुणीतरी सुचवले होते. वैद्यकीय निष्काळजीपणामुळे गंभीर इजा झाल्याची प्रकरणे आयोगाने मध्यस्थीकडे पाठवू नयेत असा २०२० चा नियम आहे, तेव्हा तो मार्ग बंदच होता. समोरून जे लेखी उत्तर आले, त्यात एक विधान आहे: हा आहार या रुग्णासाठी, तिच्या प्रकृतीचा स्वतंत्र विचार करून तयार करण्यात आला होता.

या विधानाचे उत्तर आमच्या घरच्या केराच्या टोपलीत गेले.

ते उत्तर वाचल्यावर मी अण्णांकडे गेलो. सगळे सांगितले. त्या बाईंच्या वडिलांचा विषय मी काढण्याआधी त्यांनीच काढला. ते म्हणाले, "त्यांना मी ओळखतो. चाळीस वर्षे ओळखतो. मी स्वतः जाऊन त्यांना सांगतो की मी प्रतिज्ञापत्र देणार आहे." दुसऱ्या दिवशी काठी टेकत ते गेले. मला बरोबर येऊ दिले नाही. तासाभराने परत आले. काय बोलणे झाले हे त्यांनी आजतागायत सांगितलेले नाही. एवढेच म्हणाले की त्यांनी चहा केला, आणि माझ्यासाठी बिनसाखरेचा केला. त्याच आठवड्यात अण्णांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली. कागद नाही, रुग्णालयाचा ७.१ चा अहवाल आहे आणि वहिनींची व त्यांची आठवण आहे. तिला किती वजन द्यायचे ते आयोग ठरवील. विरुद्ध बाजूचा वकील त्यांना विचारणारच, की मग तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत? अण्णा म्हणतात, 'जे खरे आहे ते सांगेन. संकोच वाटला, असे सांगेन.'

आमचे मार्गदर्शन केंद्र दर शनिवारी सायंकाळी पाच ते सात या वेळात उघडे असते. येताना मूळ कागद घरीच ठेवा, झेरॉक्स आणा.